चौथी ते मॅट्रिक: दार उघडे, जिना गायब

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरव सोहळे होतात. आम्हीही कितीतरी वर्षे केले. समाजमंदिरात बाबासाहेबांची आणि सावित्रीमाईंची तसबीर, पुढे सतरंजी, पास झालेल्या मुलांना गुलाबाचे फूल, पेन, संविधानाची प्रत. पाहुण्यांचे भाषण. शेवटी सरणत्तय आणि चहा.

अशाच एका सोहळ्यानंतर आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. मागे उभी असलेली एक माउली पुढे आली आणि म्हणाली, "पास झाले त्यांना तुम्ही फुलं दिली, चांगलं केलं. माझा पोरगा आठवीतच घरी बसला. तवा तुमच्यातलं कोणी आलं होतं का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही एक वही घेतली. डाव्या रकान्यात दहा वर्षांपूर्वी वस्तीतून पहिलीला गेलेल्या मुलामुलींची आठवतील तेवढी नावे लिहिली, उजव्या रकान्यात त्या दिवशी मंचावर आलेली. उजवा रकाना फारच आखूड निघाला. मधली नावे कुठे गेली? कोणी गॅरेजवर, कोणी वीटभट्टीवर, कोणी बिगारीला. मुलींपैकी काहींची लग्ने लागली होती.

ही गळती आजची नाही आणि अपघाताने झालेलीही नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ती नेमकी ओळखली होती आणि तिच्याशी झुंजही दिली होती. ती झुंज आपण विसरलो, म्हणून हा लेख.

न्याय मान्य, प्रवेश नामंजूर

१८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी भरायला तो तयार होता. त्याला फक्त सरकारी शाळेत शिकायचे होते. सरकारने काय केले? न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे कागदावर मान्य केले. पण एका मुलासाठी इतरांच्या पूर्वग्रहांना धक्का लावणे व्यवहार्य नाही, असे ठरवून प्रवेश नाकारला. प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचे धोरण जाहीर करणारा वुडचा खलिता येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

पुढे नियम हळूहळू सैल झाले. काही ठिकाणी वेगळ्या शाळा निघाल्या, काही ठिकाणी आपल्या मुलांना वर्गाबाहेर, ओट्यावर बसायला मिळू लागले. १८८१-८२ साली मुंबई इलाख्यात अस्पृश्य मानलेल्या जातींची तीन हजारांच्या आत मुले प्राथमिक शाळेत होती. हायस्कुलात किती? एकही नाही. कॉलेजात? एकही नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात धारवाडचा अर्जही आहे आणि ही आकडेवारीही. दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात मांडल्या, यात बाबासाहेबांची वकिली दिसते. पहिल्या गोष्टीत दार बंद आहे. दुसऱ्या गोष्टीत दार किलकिले झाले आहे, पण आत वर जाणारा जिनाच नाही.

हे जोतीरावांनी आधीच पाहिले होते. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, हे आपण सगळे सांगतो. पण त्याच निवेदनातले आणखी दोन मुद्दे फारसे सांगितले जात नाहीत. पहिला शिष्यवृत्तीचा. केवळ स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्याय्य वाटते, पण ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यापर्यंत ती त्या मार्गाने कधीच जाणार नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीच ठेवा, असे त्यांनी सांगितले. दुसरा मुद्दा घरी अभ्यास करणाऱ्यांचा. कॉलेजात जाऊ न शकणाऱ्याला घरी अभ्यास करून विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेप्रमाणेच पुढच्या पदवी परीक्षाही देता याव्यात, अशी सोय त्यांनी मागितली. म्हणजे मुलाला पहिलीत बसवून जोतीराव थांबले नव्हते. तो वर कसा चढेल, याचाही त्यांनी विचार केला होता.

दहा वर्षांच्या मुलापुढचा फाटा

त्या काळच्या शाळेची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मराठी चौथीनंतर दोन वाटा फुटत. एक वाट मराठीतूनच सातवीपर्यंत जाई. शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा. ती पास झालेला गावात शिकलेला गणला जाई आणि फार तर प्राथमिक शाळेत मास्तर होई. पण विद्यापीठाचे दार त्या वाटेवर नव्हतेच. दुसरी वाट इंग्रजी पहिलीची. इंग्रजीच्या सात इयत्ता, मग मॅट्रिक, मग कॉलेज.

इंग्रजी शाळा असे मोठ्या गावात, नाहीतर शहरात. तिला फी होती, पुस्तकांचा खर्च होता, राहायची आणि जेवायची सोय लागे. शहरात ब्राह्मण विद्यार्थ्याला नातेवाईक असत, वार लावून जेवता येई. महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या मुलाला वार कोण लावणार? खोली कोण देणार? पाणी कोण वाढणार?

म्हणजे जेमतेम दहा वर्षांच्या पोराचे आयुष्य त्या फाट्यावर ठरत होते. 'तू शिकू नकोस' असे तिथे कोणी म्हणत नसे. व्यवस्था फक्त शांतपणे विचारी: राहशील कुठे, खाशील काय?

१२८ पायऱ्यांचा हिशेब

१२ मार्च १९२७. महाडचा सत्याग्रह आठ दिवसांवर आला होता. मुंबई विधिमंडळात शिक्षणावरच्या खर्चाची चर्चा चालली होती आणि बाबासाहेब उभे राहिले. त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होईपर्यंत शाळेतून बाहेर पडू नये, एवढे तरी पाहा, अशी त्यांची मागणी होती.

मग त्यांनी समाजवार आकडे ठेवले. प्राथमिक शिक्षणात लोकसंख्येच्या दर हजारी पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मराठा व तत्सम मधल्या जाती ३८, आणि अस्पृश्य व आदिवासी धरून मागासवर्ग १८. माध्यमिक शिक्षणात दर लाखी पुढारलेले ३,०००, मुसलमान ५००, मधल्या जाती १४०, मागासवर्ग १४. कॉलेजात दर दोन लाखांमागे पुढारलेले १,०००, मुसलमान ५२, मधल्या जाती १४, आणि मागासवर्ग जवळपास शून्य.

हे आकडे आपल्या भाषणांत अनेकदा ऐकू येतात. आम्ही ते वहीत मांडून त्यांचा साधा भागाकार केला. पुढारलेल्या जातींत दर लाखी ११,९०० मुले प्राथमिक शाळेत आणि ३,००० माध्यमिक शाळेत, म्हणजे चारांमागे एक. मुसलमानांमध्ये सुमारे १८ मागे एक. मधल्या जातींत २७ मागे एक. आणि आपल्यात? दर लाखी १,८०० पैकी १४. सुमारे १२८ मागे एक.

दुसऱ्या बाजूने पाहा. प्राथमिक शाळेत पुढारलेल्यांचे प्रमाण आपल्या साडेसहा पट होते. माध्यमिक शाळेत तेच प्रमाण दोनशे पटींच्या वर गेले. विषमता दारात होतीच, पण ती खरी फुगली ती दोन शाळांमधल्या जिन्यावर. जो कोणी म्हणतो की शाळा सगळ्यांना खुल्या होत्या, तुमचेच लोक शिकले नाहीत, त्याच्यापुढे हा भागाकार ठेवावा.

याच भाषणात बाबासाहेबांनी एक वेगळी सूचना केली. मागासवर्गीय मुलांना थोडीथोडकी रोख शिष्यवृत्ती देऊन पैसा वाया जातो, असे ते म्हणाले. घरात दारिद्र्य इतके की ती रक्कम मुलाच्या शिक्षणाची न राहता घरखर्चाची होते. मूल त्याच वातावरणात राहते आणि शाळा अर्ध्यात सुटते. त्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करा. मुलाला जागा मिळेल, देखरेख मिळेल. त्या आईबापांना दोष देण्यासाठी हे बोलणे नव्हते. भुकेल्या घरात शिष्यवृत्तीचे पैसे पोटातच जाणार, हे दारिद्र्याचे वास्तव त्यांनी मांडले होते. आणि हे ते ऐकीव माहितीवर बोलत नव्हते.

एक मूल वर चढले, कारण

भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. वर तो फाटा सांगितला, तो याने ओलांडला होता. बसायला घरून आणलेले गोणपाट. शिपायाने नळ उघडला तरच पाणी. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. संस्कृत शिकायची इच्छा, पण ते नाकारले गेले म्हणून फारसी. १९०७ मध्ये मॅट्रिक पास, ७५० पैकी २८२ गुण.

हे २८२ गुण नीट लक्षात ठेवा. आजच्या गुणवंतांच्या फलकावर ते बसणार नाहीत. गुणवत्तेच्या नावाने आपल्या मुलांना हिणवणाऱ्यांनी तेव्हा यादी लावली असती, तर कोलंबिया आणि लंडन गाजवणारा हा विद्यार्थी तिथेच गळाला असता.

तो का गळला नाही? बाबासाहेबांच्या बुद्धीविषयी आम्ही वेगळे सांगायला नको. पण नुसत्या बुद्धीने ते पोहोचले असे म्हणणे हा त्यांच्या आयुष्याचा अर्धवट अर्थ आहे. पुस्तकांसाठी रामजी सुभेदार विवाहित मुलींकडे जात, त्यांचे दागिने गहाण टाकून पैसे उभे करत. खोलीत जागा नाही म्हणून बाप जागा राही आणि रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवी. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. त्यांनी त्याला पुस्तके दिली. मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत आपले बुद्धचरित्र हातात ठेवले. कॉलेजचा खर्च बापाला झेपेना, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली.

म्हणजे एक मूल वर चढायला काय काय लागले? जागा, वेळ, पुस्तक, लक्ष ठेवणारे माणूस आणि वेळेवर मिळालेला पैसा. या पाच गोष्टींपैकी एक जरी निखळली असती, तर? बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यातून हेच ओळखले. जे एका मुलाला नशिबाने मिळाले, ते शेकडो मुलांना संघटनेने द्यायचे. त्या संघटित सोयीचे नाव बोर्डिंग.

बोर्डिंगांची चळवळ

वाट शाहू महाराजांनी दाखवली होती. १९०१ पासून कोल्हापुरात त्यांनी जातवार, धर्मवार वसतिगृहांची रांग उभी केली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे बोर्डिंग चालवले.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अवघ्या सहा महिन्यांत, ४ जानेवारी १९२५ ला, सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. कोणासाठी? हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी. राहणे, जेवण, कपडे, वह्यापुस्तके हा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. तिथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. पोट भरलेले आणि डोक्यावर छप्पर असलेले मूल लगेच लिहायला लागते, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

चवदार तळ्याच्या आधीची ही गोष्ट आहे. चळवळीचा इतिहास आपण सत्याग्रहांच्या तारखांनी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण सभेच्या अगदी सुरुवातीच्या कामांत एक वसतिगृह होते, हे सांगायला आपण विसरतो. 'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी नुसता सांगितला नाही. आधी शिकणाऱ्याच्या ताटाची सोय लावली.

१९२८ मध्ये त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांसाठीच्या पाच वसतिगृहांना सरकारने मंजुरी दिली आणि त्यांचा कारभार या संस्थेकडे आला. त्यातले एक होते धारवाडला. होय, त्याच धारवाडला, जिथल्या मुलाला ७२ वर्षांपूर्वी सरकारने परत पाठवले होते.

धारवाडचे वसतिगृह बळवंतराव वराळे पाहत. तिथली रमाईंच्या बांगड्यांची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. रमाई काही दिवस वराळ्यांकडे राहायला गेल्या होत्या. वसतिगृहाचे धान्य संपले, अनुदान यायला उशीर होता, मुले उपाशी होती. रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि चूल पेटली.

आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. ती आहेच. पण आम्हाला तिचा दुसरा अर्थही महत्त्वाचा वाटतो. बांगड्या का काढाव्या लागल्या? अनुदान वेळेवर आले नाही म्हणून. सरकारची एक फाईल रेंगाळली की वसतिगृहाची एक चूल विझते. रमाईंच्या जयंतीला बांगड्यांची गोष्ट सांगताना, आज शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने का अडकते हेही त्याच मंचावरून विचारले पाहिजे. नाहीतर आपण त्यागाचे कौतुक करतो आणि त्याग करायला लावणाऱ्याला मोकळे सोडतो.

या इतिहासातली उणीवही लपवू नये. सुरुवातीची बहुतेक बोर्डिंगे मुलांची होती. मुलींची वाट आणखी अरुंद. नागपुरात जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा काढली, नाशिकला शांताबाई दाणी मुलींच्या वसतिगृहासाठी झटल्या. पण त्या मोजक्याच. आणि या बोर्डिंगांचा लाभ सर्व दलित जातींना सारखा झाला, असेही म्हणता येत नाही. मातंग, मेहतर, भटक्या जमातींची मुले मागेच राहिली. हे मान्य केल्याशिवाय पुढचे काम प्रामाणिकपणे करता येणार नाही.

जिन्याचा वरचा भाग बांधला, खालचा सुटला

पुढची कथा सर्वांना माहीत आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचे कॉलेज, म्हणजेच आपले मिलिंद. निजामाच्या राजवटीत पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिलेल्या मराठवाड्यातली पोरे पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन नागसेनवनात आली आणि त्यांतून प्राध्यापक, लेखक, अधिकारी, कार्यकर्ते घडले. सोसायटीने मिलिंदच्या परिसरात हायस्कूलही काढले. कॉलेज टिकवायचे तर त्याखालची पायरीही आपणच बांधावी लागेल, हे संस्थाचालकांना कळत होते.

पण 'मॅट्रिकोत्तर' हा शब्दच काय सांगतो? मॅट्रिक झालेल्याला मदत. जो मॅट्रिकपर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्यापर्यंत ती जात नाही. स्वातंत्र्यानंतर आपली बहुतेक भांडणे जिन्याच्या वरच्या टप्प्यावर झाली: आरक्षण, कॉलेजातले प्रवेश, परदेशी शिष्यवृत्ती, स्वाधार. ती सगळी लढाई आवश्यक होती आणि आहे. पण खालची पायरी आपण सरकारवर सोडून दिली.

आणि सरकारने काय केले? २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा. म्हणजे कायद्याचा हात आठवीला सुटतो. कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते. नववीची शाळा दुसऱ्या गावात. बस वेळेवर नाही. मुलगी असेल तर आईबाप धास्तावतात. पहिलीला फाटा चौथीवर होता, आता तो आठवीवर आला आहे. फाटा चार इयत्ता पुढे सरकला, ही प्रगती खरी. पण फाटा गेला नाही.

त्यात एक नवे आमिष आहे: कौशल्य शिक्षण. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायांची ओळख करून द्यायची म्हटले आहे. हाताच्या कामाला कमी लेखणारे आम्ही नाही, आमच्या बापजाद्यांनी तेच केले आहे. प्रश्न एवढाच की सुतारकाम कोणाच्या पोराला शिकवले जाईल आणि कोडिंग कोणाच्या? १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अशीच योजना आणली होती. शाळा अर्धा दिवस, उरलेल्या वेळात मुलाने घरचा धंदा शिकायचा. पेरियारांनी ओळखले की घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा. द्रविड चळवळ रस्त्यावर आली. १९५४ मध्ये राजगोपालाचारी गेले, कामराज आले आणि योजना मागे घेतली गेली. पेरियारांचा हा धडा आपण विसरता कामा नये. व्हर्नाक्युलर फायनल नव्या नावाने परत येऊ शकते.

मग आम्ही काय केले?

काही जण म्हणतील, आता शाळा आहेत, मोबाईल आहे, हातात सगळे ज्ञान आहे, बोर्डिंगची भाषा जुनी झाली. आम्ही त्यांना वर सांगितलेल्या पाच गोष्टींनीच उत्तर देतो. दहा बाय दहाच्या खोलीत, टीव्ही चालू असताना, एकच मोबाईल तिघा भावंडांत वाटून घेणाऱ्या मुलाला जागा मिळाली का? वेळ मिळाला का? त्याच्यावर लक्ष ठेवणारे माणूस मिळाले का? ज्यांच्या घरी हे सगळे आहे, ते मोबाईलवर विसंबत नाहीत. ते पाचवीपासून शिकवणी लावतात.

त्या माउलीच्या प्रश्नानंतर आम्ही समाजमंदिराची किल्ली मागून घेतली. संध्याकाळी सहा ते नऊ पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी दिवे लावले. सुरुवातीला फार काही शिकवले नाही. फक्त जागा आणि शांतता दिली. मग कॉलेजात शिकणारी आमचीच मुलेमुली गणित-इंग्रजी घ्यायला लागली. त्यातून जे कळले ते इतर वस्त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिले, जातीचा दाखला सातवीतच काढा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद शोधायला महिने जातात. बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभे असताना धावाधाव केली की जागा हातची जाते. धारवाडच्या मुलाला तोंडावर नकार मिळाला होता. आज तो कागद नसल्याच्या रूपाने मिळतो.

दुसरे, आठवीतली एनएमएमएस परीक्षा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. नेमकी गळतीच्या वर्षांत मिळणारी ही मदत आहे. आमच्या वस्तीत तिचे नावही कोणाला माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते, हे कबूल करतो.

तिसरे, आठवीची परीक्षा झाल्याबरोबर घरोघरी जा. नववीत नाव कुठे घालणार, एवढेच विचारा. 'बघू' असे उत्तर आले की समजा, हे मूल सुटणार आहे. त्याच घरी पुन्हा जा. मुलगी असेल तर तिसऱ्यांदाही जा. शाळेची वाट लांब असेल तर चार मुलींना एकत्र पाठवा, सायकली मिळवा, तालुक्याच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज स्वतः बसून भरा.

चौथे, दहावीनंतरच्या वाटा आठवीतच दाखवा. अकरावी म्हणजे काय, डिप्लोमा म्हणजे काय, आयटीआय म्हणजे काय, कोणत्या वाटेवरून पुढे पदवीला जाता येते आणि कोणती मध्येच संपते. ज्यांच्या घरात पदवीधर आहेत त्यांना हे जेवताना कळते. आमच्या मुलांना ते कोणीतरी बसून सांगावे लागते. केळुसकर गुरुजींनी बागेत हेच केले होते.

यात क्रांतिकारक काय, असे कोणी विचारेल. १९२५ साली सोलापूरच्या वसतिगृहातही वरवर काही क्रांतिकारक दिसत नव्हते. काही मुले, काही ताटे, एक मासिक. पण १२८ मागे एक हा आकडा बदलायची सुरुवात अशाच ठिकाणी झाली.

गुणगौरव सोहळा आम्ही बंद केलेला नाही. फक्त आता मंचावर दहावीच्या मुलांबरोबर आठवीतून नववीत गेलेली मुलेही बोलावतो. त्यांना पेनाबरोबर नववीची पुस्तके देतो. आणि ती जुनी वही अजून ठेवली आहे. दरवर्षी डावा रकाना आणि उजवा रकाना समोरासमोर मांडतो. उजवा अजून आखूडच आहे, पण मधल्या नावांपैकी प्रत्येक नाव आता आम्हाला माहीत असते, आणि ते मूल कुठे आहे हेही.

तुमच्या वस्तीत अशी वही आहे का? नसेल तर ती आजच घाला. पहिल्या पानावर यंदा आठवीत असलेल्यांची नावे लिहा.

जय भीम!